नाव कमी करण्याचे कारण

कामरगाव, ११ जुलै २०२५

वीरेंद्र,

पत्रात नावानं हाक मारते आहे. समोर कधी मारली नाही. लग्नानंतर 'अहो' आणि चंदा झाल्यावर 'चंदाचे बाबा'. आता 'चंदाचे बाबा' लिहायला घेतलं तर पेन पुढे जाईना, म्हणून नाव.

माझ्या नंबरवरून तुमचा फोन लागत नाही. शाळेच्या नंबरवरून लावला तर माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून देता. पत्ता मी शोधला नाही. तुम्ही पाठवलेलं याडीच्या बीपीच्या गोळ्यांचं पार्सल आलं, त्यावर होता. नांदेडला आहात हे तुमच्या बायकोला कुरिअरच्या खोक्यावरून कळलं.

याडी बरी आहे. आईचं मन, रोज विचारते, "निता, वीरू कायले गेला वं?" तुम्ही काम मिळालं म्हणून गेलात असं मी सांगते. तिला पटत नाही. तुमच्या मंगरूळपीरच्या कॉम्प्युटरच्या दुकानाचं शटर बंद आहे हे तिला कोणीतरी सांगून गेलं.

शाळा सुरू झाली. ऑफिसात तुमचा कॉम्प्युटर होता त्या टेबलावर आता संघपाल त्याचा डबा ठेवतो. त्यालाही तिथे बसून काम करवत नाही. एवढ्या वर्षांचा क्लार्क, पण नवीन सॉफ्टवेअरला हात लावताना मला विचारतो, "मॅडम, हे दाबू का?" तुम्ही लिहिलेल्या प्रोग्रामला त्यानं कधी असं विचारलं नाही. तो त्या कॉम्प्युटरमध्ये होता, टेबलावर, आपल्या डोळ्यांसमोर. लाइट असली की चालायचा, नेट लागत नव्हतं, कोणाला वर्गणी द्यावी लागत नव्हती. दाखले, निकाल, हजेरी, सगळं त्यात. काही अडलं की तुम्ही मोटरसायकलवर यायचात. आता सगळी माहिती नागपूरच्या कंपनीकडे असते. आपण वर्षाची वर्गणी भरून आत जाण्यापुरता पासवर्ड घेतो.

ते संस्थेच्या सचिवांनी ठरवलं, मी नाही. पण मी विरोधही केला नाही, आणि मुख्याध्यापिका म्हणून माझ्याच सहीनं झालं. याबद्दल तुम्ही माझ्याशी भांडला असता तर मला चाललं असतं. तुम्ही भांडला नाहीत. स्क्रीनवर आपल्या मुलीच्या नावापुढे मी लिहिलेला शब्द वाचला, बाहेर गेलात, आणि दुसऱ्या दिवशी येऊन 'जुनं भंगार नेतो' म्हणून तो कॉम्प्युटर मोटरसायकलला दोरीनं बांधून घेऊन गेलात.

त्यात चंदा आहे म्हणून नेलात, हे मला माहीत आहे. ती तिसरीत असताना डेंग्यूनं गेली. अकोल्याहून तिला परत आणलं तेव्हा तुम्ही जीपमध्ये पुढे बसला होतात, मी मागे. त्यानंतर जून आला आणि तुम्ही प्रोग्राममध्ये सगळ्या मुलांची वर्गोन्नती केली, त्यात तिचीही केली. ती चौथीत गेली. पुढच्या जूनमध्ये पाचवीत. वर्गशिक्षक हजेरी घेताना ते नाव सोडून पुढचं घ्यायचे. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. सरकारी माहिती मी वेगळी, माझ्या हातानं, खरी भरत राहिले. दोन्हीकडच्या आकड्यात कायम एकाचा फरक असायचा.

नवीन सॉफ्टवेअरमध्ये तो फरक चालत नाही. तिथे प्रत्येक नाव आधारशी जुळावं लागतं.

मी माफी मागायला लिहीत नाही. तुम्ही जेवता की नाही एवढं कळवा.

निता


कामरगाव, १५ ऑगस्ट २०२५

वीरेंद्र,

झेंडावंदन झालं, मुलं खाऊ घेऊन घरी गेली, आणि मी ऑफिसात बसून लिहिते आहे. काल चौदा तारीख होती, हे तुम्हाला सांगायला नको.

या सॉफ्टवेअरची एक गंमत आहे. मुलाचा वाढदिवस असला की पालकांच्या फोनवर सकाळी आपोआप शुभेच्छा येतात, शाळेच्या नावानं. पालकांना फार आवडतं. आपली भाजीवाली सकाळी सकाळी फोन घेऊन आली होती, "मॅडम, आमच्या पोट्ट्याचा वाढदिवस शाळेले ध्यानात आहे." मी हो म्हटलं. मला त्या मुलाचा चेहरासुद्धा नीट आठवत नव्हता.

काल सकाळपासून फोन मी हातात घेऊन होते. चंदाच्या नावापुढे पालकाचा नंबर माझाच आहे. मेसेज येणार नाही हे माहीत होतं, मीच तशी नोंद केली आहे. तरी वर्गावर गेले तेव्हा फोन पदराखाली धरून गेले. दुपारी एकदा वाजला, तर गॅसवाल्याचा होता.

आला नाही. सॉफ्टवेअर बरोबर चालतं.

तुमच्या प्रोग्राममध्ये मेसेजची सोय नव्हती. काल सकाळी नांदेडला तुम्ही कॉम्प्युटर लावला असेल का, एवढं मनात आलं.

याडीनं काल शिरा केला. कशाचा ते बोलली नाही. मी खाल्ला.

निता


कामरगाव, २३ नोव्हेंबर २०२५

वीरेंद्र,

दिवाळी झाली. तांड्यावरची घरं रिकामी झाली. दरवर्षीप्रमाणे गाड्या आल्या आणि माणसं ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे गेली. काही मुलं आजीआजोबांजवळ राहिली, बाकीची सोबत गेली.

मुद्दाम एक सांगते, तुम्हाला वाईट वाटेल तरी. प्रेमसिंगचा फोन आला होता. तो तिकडे फडावर आहे, त्याची मुलगी इथे आपल्या सातवीत. त्यानं फडावरून मोबाइलमध्ये तिचे सत्राचे मार्क पाहिले. म्हणाला, "मॅडम, पोरगी विज्ञानात पुढं हाय. मी ऊस तोडून राह्यलो अन् मले इथं दिसून राह्यलं." गेल्या वर्षीपर्यंत त्याला तिचे मार्क उन्हाळ्यात परत आल्यावर कळायचे. तुमच्या प्रोग्राममध्ये ते सगळं होतं, पण ते पाहायला प्रेमसिंगला कामरगावला, त्या टेबलापाशी यावं लागलं असतं.

तुम्हाला हे पटत होतं. सचिवांच्या बैठकीत तुम्ही स्वतः म्हणाला होतात, "एका माणसावर अन् एका मशीनवर शाळा चालवणं धोक्याचं आहे." मी तुमच्याकडे पाहत होते. स्वतःचं काम स्वतःच्या हातानं बंद करून तुम्ही दुसऱ्याला जागा दिलीत. घरी आल्यावर फक्त एवढं मागितलंत, "तेवढं एक नाव राहू दे."

ते मी दिलं नाही. तुम्ही न ऐकता गेलात, म्हणून इथे लिहिते, वाचाल तर वाचा.

कंपनीची मुलगी माझ्या शेजारी बसून एकेक नाव जुळवत होती. चंदाच्या नावाशी आल्यावर थांबली. तिला संघपालनं आधीच सांगितलं असावं. हळूच म्हणाली, "मॅडम, हे भरूच नका. चालू मुलंच भरायची असतात. सोडून देऊ."

सोपं होतं. सोडून दिलं असतं तर तुम्हाला स्क्रीनवर तो शब्द दिसला नसता, आणि तुम्ही आज इथे असता. पण मग आपल्या शाळेत ती कधी आलीच नव्हती असं झालं असतं. पहिलीत तिनं रांगेत उभं राहून प्रवेश घेतला. दुसरीत पडून दात पाडून घेतला. तिसरीच्या पहिल्या सत्राची परीक्षा दिली. मी त्या मुलीला म्हटलं, सगळं भरा. जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, फोटो, दोन वर्षांचे निकाल, सगळं. आणि मग नाव कमी करा. नाव कमी करताना ते सॉफ्टवेअर त्याचं कारणही विचारतं. यादीतून कारण निवडायचं असतं. स्थलांतर, दुसऱ्या शाळेत प्रवेश, सततची गैरहजेरी, मृत्यू. मी निवडलं.

तुम्ही शेवटचा शब्द वाचलात. वरचं सगळं मी भरलंय ते पाहायला थांबला नाहीत.

निता


कामरगाव, १८ जानेवारी २०२६

वीरेंद्र,

याडी पडली. आंघोळीच्या दगडावर पाय घसरला. हाड मोडलेलं नाही, पण कमरेला मार आहे, चालताना धरावं लागतं. देवमननं पाहून आणलेल्या जीपमधून कारंज्याला नेलं, एक्स-रे काढला. घाबरू नका. देवमन सोबत नसता तर मला एकटीला उचलवली नसती. शाळेचा शिपाई असून आठवडाभर तो सकाळी आमच्या घरचं पाणी भरून मग घंटा द्यायला गेला.

गोळ्यांच्या झोपेत ती मला तुमच्या नावानं हाक मारते. जागी असली की रागावते. परवा म्हणाली, "तुमी दोघंबी येडे. लेकरू गेलं त् दोघायनं एका जागी बसून रडाव लागते. तू इकडं रडून राह्यली, तो तिकडं. अन् मी कोणाजवळ रडू?"

मी तिची कंबर शेकत राहिले.

शाळेचं म्हणाल तर गेला आठवडा वाईट गेला. रस्त्याच्या कामात केबल तुटली आणि टॉवरही बंद. एक आई मुलाचा दाखला न्यायला आली होती, माहेरच्या गावी घालायचं होतं त्याला. तिच्या तोंडावर नवऱ्यानं मारल्याचे वळ होते, तिला त्याच दिवशी निघायचं होतं. सगळी माहिती नागपुरात सुखरूप होती आणि मला एक कागद काढता येत नव्हता. संघपाल म्हणाला, "वीरूभाऊचं मशीन असतं त् आता निघाला असता." मी शेवटी हातानं लिहून, सही-शिक्का मारून दिला आणि तिला एसटीत बसवून दिलं.

म्हणजे तुमचंही बरोबर होतं. हेही लिहायला हवं म्हणून लिहिलं.

याडीसाठी या. माझ्याशी बोलू नका हवं तर.

निता


नांदेड, ९ मार्च २०२६

निता,

तुही सगळी पत्रं पोचली. वाचली. उत्तर द्याचं मन होत नव्हतं.

मशीन गेलं. चालू केलं तर नुसती टकटक. हार्डडिस्क गेली. मी ज्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो तिथल्या पोरायले दाखवली, मग हैदराबादले पाठवली. त्यायनं परत पाठवली, काहीच निघत नाही म्हणे. शाळाशाळांत फिरून मी लोकांच्या मागं लागायचो, बॅकअप घ्या, बॅकअप घ्या. स्वतःच्या मशीनचा घेतला नाही. कितीदा बसलो घ्याले. पण बॅकअप घ्याचा म्हणजे एक दिवस हे जाणार आहे असं मानून घ्याव लागते. ते माह्याच्यानं झालं नाही.

तुले एक सांगतो, दुसऱ्या कोणाले सांगता येत नाही. जूनमध्ये मी तिले सहावीत घातलं. दिवाळीनंतर मार्कही भरले. गणितात कमी दिले, तिले गणित कुठी आवडत होतं. मराठीत भरपूर दिले. शेरा लिवला, 'वर्गात फार बोलते.' हे येडेपण आहे हे मले समजते. रूमवर आल्यावर तेवढं एक काम होतं मले.

आता ते नाही. जेवण करतो, झोपतो.

याडी पडल्यावर मी आलो नाही, त्याचं तुले काय वाटलं असंल ते मी समजतो. कामरगावच्या बसस्टँडवर येऊन परत गेलो. एकदाच नाही, कितीदा.

तुह्या त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचं काय काय आहे? तो प्रवेशाचा फोटो आहे का? माह्या फोनात तिचे बाकी फोटो आहेत, पण तो शाळेतला फक्त मशीनमध्ये होता. पालकायले मोबाइलमध्ये दिसते म्हणे. मले इथून पाह्यता येईन का?

वीरेंद्र


कामरगाव, १६ मार्च २०२६

वीरेंद्र,

पत्र दोनदा वाचलं आणि याडीला वाचून दाखवलं. मार्कांचं वाचलं नाही. ते माझ्याजवळ राहील.

गणितात कमी दिलेत ते बरोबर केलंत.

तिथून पाहता येणार नाही. मी कंपनीला फोन करून विचारलं. नाव कमी झालं की पालकाचा पासवर्ड बंद होतो. मुख्याध्यापकाच्या पासवर्डनं, शाळेतून, उघडता येतं. तेही शाळा वर्गणी भरते तोवर. सचिव पुढच्या वर्षी दुसरी कंपनी पाहू म्हणतात. मग हे सगळं तिकडे जाईल, की फक्त चालू मुलांचं जाईल, हे मला कोणी नीट सांगू शकलं नाही. तुमचं एका टकटकीत गेलं. माझंही माझ्या हातात नाही.

फोटो भरलेला मला आठवतो. पण त्या दिवसानंतर मी ते पान उघडलेलं नाही. तुम्हाला वाटत असेल मी रोज ऑफिसात बसून पाहत असेन. रोज बाकीच्या मुलांची पानं उघडते, ते एक नाही. एकटीनं उघडण्याची हिंमत मला नाही.

या. दोघं पाहू.

निता


कामरगाव, ४ मे २०२६

वीरेंद्र,

तुम्ही आणि याडी नीट पोचलात हे देवमनच्या फोनवर कळलं. तिची काठी दाराआड राहिली आहे, पाठवते.

परवा तुम्ही येणार हे माहीत होतं. याडीला न्यायला येणार हेही तुम्ही देवमनजवळ कळवलं होतं. नांदेडला दवाखाना हाताशी आहे, इथे कारंज्यापर्यंत जीप पाहावी लागते, हे मलाही समजतं. मी तिचे कपडे आदल्या दिवशीच घडी करून ठेवले होते. तरी तुम्ही शाळेच्या फाटकातून आत येताना दिसलात तेव्हा, तुम्ही राहायलाच आलात असं मला क्षणभर वाटलं. तेवढं मन ऐकत नाही.

आणि नेमकं नेट नव्हतं. तुम्ही खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात, मी पासवर्ड टाकला, आणि पडद्यावर ते चक्र फिरत राहिलं. संघपालनं चहा आणून ठेवला आणि दार लोटून गेला. सगळी दुपार आपण त्या फिरणाऱ्या चक्राकडे पाहत बसलो.

बरं झालं. नेट असतं तर आपण बोललो नसतो.

तुम्ही विचारलंत, "भरताना तुले रडू नाही आलं?"

मी म्हटलं, "कंपनीची पोरगी शेजारी होती."

"मले वाटलं तुले काहीच झालं नाही. तू लगेच दुसऱ्या पोराचं नाव भराले घेतलं."

"मागं शाळाभर नावं होती. घरी येऊन पीठ मळायला घेतलं तर पाणी टाकायचं विसरले. कोरडं पीठच मळत बसले. याडीनं परात हातातून काढून घेतली."

तुम्ही चहाचा कप बाजूला सारलात. मग म्हणालात, "मी नसतं भरू शकलो."

"माहीत आहे. म्हणून मी भरलं."

तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. अकोल्याहून परत येताना तुम्ही पुढे बसला होतात, मी मागे, तेव्हापासून तुम्ही माझा हात धरला नव्हता. मला वाटलं आता राहतो म्हणून सांगाल. तुम्ही सांगितलंतही, पण वेगळंच. "निता, मी इथं राहू नाही शकत. घरात शाळेची घंटा ऐकू येते. घंटा झाली की मी दाराकडे पाहतो." मी म्हटलं, मला घंटा सोडून जाता येत नाही. मीच देवमनला रोज सांगते, घंटा दे. तुम्ही मान हलवलीत. यात कोणाचं चुकलं असं मला वाटत नाही. तुम्हालाही वाटलं नसावं. तरी आपण दोघंही उठलो.

याडी जीपमध्ये माझा हात सोडत नव्हती. "तूबी चाल," म्हणत होती. जीपवाला हॉर्न देत होता. तुम्ही तिची बोटं एकेक करून सोडवलीत.

जीप मंगरूळपीरच्या रस्त्याला लागली आणि मी ऑफिसात परत आले, तर पान उघडलेलं होतं. नेट आलं होतं. एकटीनं पाहावं लागलं.

सगळं आहे. पूर्ण नाव, जन्मतारीख, पहिलीतला प्रवेश, दोन्ही वर्षांचे निकाल. फोटोही आहे. त्या दिवशी मला लवकर शाळेत यायचं होतं म्हणून तिची वेणी तुम्ही घातली होती, आठवतं का? एक वेणी वर, एक खाली. डावीकडची रिबन सुटून खांद्यावर आली आहे. ती तोंड घट्ट मिटून, हसू दाबून बसली आहे. फोटो काढणाऱ्यानं हसू नको सांगितलं असणार. मी तेव्हा तुमच्यावर चिडले होते, मुख्याध्यापिकेची पोरगी आणि असा अवतार म्हणून. आता त्या वाकड्या भांगावरून माझी नजर हलेना.

प्रिंट काढून सोबत पाठवते आहे. काळीपांढरी आहे, शाळेत रंगीत प्रिंटर नाही. रिबन लाल होती.

आणखी पाहत बसले असते. पण निकाल लागलेत, आठवीची मुलं दाखल्यासाठी दारात उभी होती, उन्हातून आलेली, त्यांच्या आया मागे. मी ते पान बंद केलं आणि पहिल्या मुलीला आत बोलावून तिचं नाव विचारलं.

निता